लहान ब्रुअरी सुरू करताना उकळीनंतरच्या या चुका टाळा

नवी ब्रुअरी पाहायला कोणी बोलावले, की मालक आधी उकळभांड्यापाशी घेऊन जातो. भांड्याची क्षमता, वाफेची व्यवस्था आणि माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) भरडणारी गिरणी यांबद्दल तो भरभरून बोलतो. मी मात्र किण्वनटाक्यांच्या मागे जाऊन व्हॉल्व्ह पाहतो, चिलर किती क्षमतेचा आहे ते विचारतो आणि जमिनीचा उतार नाल्याकडे आहे की नाही ते बघतो. याचे कारण असे, की आजवर मी जी बिघडलेली बिअर चाखली, तिच्यातली बहुतेक उकळी येईपर्यंत अगदी चांगली होती. वर्ट, म्हणजे माल्टचा गोड अर्क, थंड झाल्यावर जंतूंना मारायला उष्णता उरत नाही आणि त्याच वेळी माणसाची घाई वाढते. बिअर बिघडते ती तिथे.

धुणे आणि निर्जंतुक करणे यांत गल्लत

ही चूक मला सर्वांत जास्त सतावते. टाकीतून पाणी फिरवायचे, वर जंतुनाशक मारायचे आणि टाकी तयार झाली असे मानायचे, ही पद्धत मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता सांगताना माझा आवाज चढतो. जंतुनाशक मळ काढत नाही. मळाच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात आणि पेरासेटिक आम्लासारखे चांगले जंतुनाशकही त्या थरावरच खर्ची पडते. आधी कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने) यीस्ट, प्रथिने आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, चिकटा काढावा लागतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा जो पांढरट-पिवळसर थर धातूवर बसतो, ज्याला या व्यवसायात बिअरस्टोन म्हणतात, तो कॉस्टिकने नीट निघत नाही, त्याला ठरावीक काळाने आम्ल लागते. हे सारे झाल्यावर आणि धुऊन निघाल्यावरच जंतुनाशकाची पाळी येते.

यातली एक गोष्ट माझ्या हातून घडलेली आहे. आमची फिकट लागर (थंडीत सावकाश आंबवून मुरवलेली बिअर) टाकीत चाखली तर स्वच्छ लागत असे, पण केगमध्ये (धातूच्या पिंपात) भरून तीन आठवडे झाले की तिला लोण्याचा वास येऊ लागे. लोण्याचा वास म्हणजे डायॲसिटिल, आणि डायॲसिटिल म्हणजे यीस्टने काम अपुरे सोडले, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्के बसले होते. म्हणून पहिल्या बॅचनंतर मी यीस्ट बदलले. दुसऱ्या बॅचला किण्वनाच्या शेवटी तीन दिवस जास्त उबेत ठेवले. तिसऱ्या बॅचच्या वेळी टाकीतला नमुना तापवून, थंड करून, वास घेऊन पाहिला, तर त्यात लोण्याचा मागमूसही नव्हता, आणि तरीही केगमध्ये वास परत आला. या खेपेला जिभेवर किंचित आंबटपणाही होता आणि बिअर गढूळ झाली होती. यीस्ट लॅक्टिक आम्लाने बिअर अशी आंबवत नाही. ते काम पेडिओकॉकस या जिवाणूचे आहे, तो डायॲसिटिलही तयार करतो आणि हॉप्सच्या कडवटपणाला फारसा जुमानत नाही. यीस्टमुळे आलेले डायॲसिटिल उबेत यीस्टच शोषून घेते, जिवाणूमुळे आलेले मात्र दिवसेंदिवस वाढत जाते, हा फरक मी पहिल्याच बॅचला ओळखायला हवा होता.

शेवटी टाकीच्या तळाचा बॉल व्हॉल्व्ह खोलला. आतला गोळा आणि बाहेरचे कवच यांच्यामधल्या पोकळीत तपकिरी बुळबुळीत थर होता आणि त्याला आंबूस वास येत होता. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून कॉस्टिक फिरवले, की ते गोळ्याच्या भोकातून सरळ निघून जाते, मागच्या पोकळीत पोचत नाही. बिअर काढताना व्हॉल्व्ह फिरतो आणि तिथली घाण बिअरमध्ये उतरते. आम्ही तिन्ही बॅच ओतून दिल्या. त्या दिवसापासून थंड बाजूला मी बॉल व्हॉल्व्ह वापरत नाही, बटरफ्लाय व्हॉल्व्ह वापरतो, आणि प्रत्येक टाकी रिकामी झाली की तेही सुटे करून घासतो. गॅस्केट खराब दिसण्याची वाट न पाहता ठरलेल्या तारखेला बदलतो. सुट्या केलेल्या प्रत्येक भागाचा वास घेणे ही माझी सवय आहे, कारण डोळ्यांना स्वच्छ दिसणारा भाग नाकाला अनेकदा वेगळे सांगतो.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ साली यीस्टचे शुद्ध संवर्धन ब्रुअरीच्या कामात आणले, ते बिअर बिघडण्यामागे परके, रानटी यीस्ट असते हे ओळखल्यामुळेच. इतकी जुनी आणि इतकी सिद्ध झालेली गोष्ट ‘एवढ्याने काय होते’ म्हणून कोणी टाळताना दिसले, की मला खरोखर वाईट वाटते.

बंद टाकीत कॉस्टिक सोडणे

हा चवीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. नुकत्याच रिकाम्या झालेल्या टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. कॉस्टिक तो वायू झपाट्याने शोषून घेते आणि सोडियम कार्बोनेट तयार होते, म्हणजे एक तर तुमचे कॉस्टिक वाया जाते आणि दुसरे म्हणजे आतला दाब पडतो. आतून येणारा दाब सहन करणारी टाकी बाहेरून येणारा दाब सहन करेलच असे नाही, ती डब्यासारखी आत चेपते. गरम धुलाईनंतर झाकणे बंद ठेवून गार पाणी सोडले तरी तेच होते. टाकी आधी हवेने पूर्ण खेळती करावी आणि वरची वाट उघडी ठेवूनच धुलाई सुरू करावी. हाच वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून वायूमापक कमरेच्या खाली बसवावा, आणि टाकीत डोके घालण्याची किंवा उतरण्याची वेळ आलीच तर आतली हवा मोजल्याशिवाय आणि बाहेर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय ते करू नये.

टाक्यांचा आणि दिवसांचा हिशेब न मांडणे

ब्रुअरीचे उत्पादन उकळभांडे ठरवत नाही, किण्वनटाक्या ठरवतात. समजा ५०० लिटरचे भांडे आहे आणि ५०० लिटरच्या चार टाक्या आहेत. एल (जास्त उबेत लवकर आंबणारी बिअर) बनवली, टाकीत १४ दिवस आणि धुलाईचा एक दिवस धरला, तर महिन्याला आठ बॅच होतात, म्हणजे गळती सोडून ४,००० लिटर. त्याच टाक्यांत पाच आठवडे मुरणारी लागर बनवली, तर महिन्याला तीनच्या किंचित वर बॅच निघतात. नवखे लोक पहिला आकडा धरून कर्जाचे हप्ते ठरवतात आणि दुसऱ्या प्रकारची बिअर बनवायला घेतात. मग दहाव्या दिवशी लागर गाळून केगमध्ये भरली जाते, कारण टाकी रिकामी हवी असते.

अशी एक ब्रुअरी मी जवळून पाहिली. मालक कष्टाळू होता, पाककृती उत्तम होती, पण उद्घाटनाची तारीख त्याने टाक्या येण्याआधीच जाहीर केली होती. शिवाय चिलर दोन टाक्यांपुरता होता आणि चारही टाक्या एकाच आठवड्यात भरल्या गेल्या. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता निर्माण करते, त्यामुळे ११ अंशांवर ठेवायची लागर १७ अंशांपर्यंत चढली आणि तिला फळांचा व हिरव्या सफरचंदाचा वास आला. मी त्याला तीन आठवडे थांबायला सांगितले, त्याला ते शक्य नव्हते. पहिल्या दिवशी आलेल्या लोकांनी तीच बिअर प्यायली, आणि पुढे बिअर सुधारल्यानंतरही त्यातले फार थोडे परत आले. चिलर निवडताना सरासरी दिवस धरू नये. एका टाकीत गरम वर्ट उतरतो आहे, दुसरी शून्याजवळ न्यायची आहे आणि उरलेल्या दोन ऐन किण्वनात आहेत, असा सर्वांत वाईट दिवस धरावा.

बिअर तयार झाली की नाही हे दिनदर्शिका सांगत नाही. माझी रीत अशी आहे. टाकीतून दोन नमुने घ्यावेत, एक झाकून ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवावा, दुसरा तसाच ठेवावा, मग दोन्ही एकाच तापमानाला आणून वास घ्यावा. तापवलेल्या नमुन्यात लोणी जाणवले तर डायॲसिटिलचे पूर्वद्रव्य अजून शिल्लक आहे आणि यीस्टला आणखी वेळ हवा आहे. लागरचे किण्वन संपत आले की तापमान १५-१६ अंशांवर आणून दोन-तीन दिवस थांबावे. त्या दिवसांत टाकीला हात न लावणे हेच काम असते आणि नव्या माणसाला नेमके तेच जड जाते.

यीस्ट कमी टाकणे हीदेखील याच घाईची बहीण आहे. १२ अंश प्लेटोच्या (प्लेटो म्हणजे वर्टातल्या साखरेचे माप) वर्टात एलसाठी दर मिलिलिटरला सुमारे ९० लाख आणि लागरसाठी त्याच्या दुप्पट पेशी लागतात. पाकिटे मोजून अंदाज बांधू नये, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायला शिकावे, ते एका दुपारी शिकता येते.

एका ओळीच्या चुका

यीस्ट टाकताना वर्टाला प्राणवायू द्यावा, किण्वनानंतर मात्र त्याचा थेंबभरही संपर्क नको, कारण पुठ्ठ्यासारखी शिळी चव तिथूनच येते.

पाण्यातला क्लोरीन कार्बन फिल्टरने काढल्याशिवाय पाणी वापरू नये, नाहीतर बिअरला औषधासारखा वास येतो.

किण्वन सुरू झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरचे (प्रकाशाच्या वळणावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडे तसेच्या तसे लिहू नयेत, अल्कोहोल त्यांना फसवते. घनता मोजणारे हायड्रोमीटर वापरावे.

फिकट माल्टाची उकळ झाकण लावून करू नये, शिजलेल्या मक्याचा वास बाहेर पडायला वाट लागते.

पारदर्शक बाटली देखणी दिसते म्हणून घेऊ नये. प्रकाश हॉप्सच्या कडवट घटकांवर काम करतो आणि बिअर दुर्गंधी होते, तपकिरी काच तिला बरेच वाचवते.

थंड बिअरमध्ये हॉप्स टाकल्यावर लगेच भरू नये. हॉप्समधली विकरे उरलेल्या शर्करा फोडतात, किण्वन पुन्हा जागे होते आणि डबे फुगतात. घनता दोन-तीन दिवस स्थिर राहिली तरच भरावे.

वीस लिटरची पाककृती पंचवीस पटींनी गुणणे

घरच्या भांड्यातला वर्ट काही मिनिटांत थंड होतो, ५०० लिटरचा होत नाही. उकळ बंद केल्यानंतरही सुमारे ८० अंशांपर्यंत हॉप्समधून कडवटपणा उतरत राहतो, त्यामुळे केवळ सुगंधासाठी शेवटी टाकलेले हॉप्स मोठ्या भांड्यात बिअर कडू करतात. माल्टमधून मिळणारा अर्कही वेगळा येतो. पहिल्या बॅचमध्ये शेवटचे हॉप्स कमी धरावेत आणि मॅशचे (भरडलेला माल्ट आणि गरम पाणी यांच्या मिश्रणाचे) पीएच ५.२ ते ५.६ या दरम्यान आहे का ते मोजून पाहावे. पीएच हे मापच सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ साली वर उल्लेखलेल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडले, त्यामुळे निदान आपल्या व्यवसायाने तरी त्याचा कंटाळा करू नये.

स्वतःच्या आवडीला व्यवसायाची योजना समजणे

मला जर्मनीतल्या बांबेर्गची, बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची बिअर मनापासून आवडते. तरीही नव्या ब्रुअरीने ती पहिली बिअर म्हणून बनवू नये असे मी आग्रहाने सांगतो, कारण धूर, फळे, मसाले आणि मुबलक हॉप्स यांच्या आड दोष लपतात आणि तुम्हाला स्वतःचे काम कसे चालले आहे हे कळतच नाही. माझी रोजची आवड कोरड्या, कडवट, फिकट पिल्सनरची आहे, आणि तिच्यात काहीही लपत नाही. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेनला योसेफ ग्रोल यांनी १८४२ साली ही बिअर बनवली तेव्हा तिथल्या अतिशय मृदू पाण्याचा तिच्या चवीत मोठा वाटा होता. उलट इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात सल्फेट भरपूर आहे आणि तिथे कोरड्या कडवट एल नावारूपाला आल्या. तुमच्याकडे येणाऱ्या पाण्याचा अहवाल न वाचता बिअरचा प्रकार ठरवणे म्हणजे पुढे प्रत्येक बॅचला क्षारांशी झगडणे होय.

सुरुवातीला आठ प्रकार ठेवण्याचा मोह पुष्कळांना होतो. आठ प्रकार म्हणजे आठ माल्टसाठे, तीन-चार यीस्ट आणि कोणत्याच बिअरची दुसरी बॅच वेळेवर न होणे. एक फिकट आणि एक गडद, इतकेच ठेवावे. फिकट बिअरच्या पहिल्या तीन बॅच पाककृतीत काहीही न बदलता बनवाव्यात, प्रत्येकीतून सहा बाटल्या थंड जागी बाजूला ठेवाव्यात, आणि तिसरी तयार झाली की तिन्हींचे पेले, कोणता कोणत्या बॅचचा हे न सांगता, चार जणांपुढे ठेवावेत. त्यांना फरक ओळखू आला, तर तिसरा प्रकार सुरू करण्याआधी नोंदवही उघडून त्या तीन बॅचचे तापमान, पेशींची संख्या आणि टाकीतले दिवस शेजारी शेजारी मांडून पाहावेत.