शस्त्र रिकामं आहे, हे कुणाच्या सांगण्यावरून मानू नका

पोलिसात नव्याने भरती झालेल्या मुलामुलींना मी शस्त्र हाताळायला शिकवतो. आल्या आल्या सगळ्यांना नेमबाजीची घाई असते. मी मात्र सुरुवात शस्त्र रिकामं करण्यापासून करतो आणि बराच काळ तेच घोटून घेतो. काही जण कंटाळतात. तरी मी सोडत नाही. चुकून गोळी सुटल्याची जी प्रकरणं मी जवळून पाहिली, त्यांतली बहुतेक चकमकीतली नव्हतीच. पाळी संपल्यावर शस्त्र जमा करताना, साफसफाईला बसल्यावर, गाडीत चढता-उतरताना, एकाने दुसऱ्याच्या हातात ‘बघ जरा’ म्हणून पिस्तूल देताना त्या गोळ्या सुटल्या.

अशाच एका गोळीने माझा सहकारी गेला. शस्त्रागाराच्या टेबलापलीकडे उभा राहून तो नोंदवहीत सही करत होता. टेबलाच्या अलीकडच्या बाजूला एक जुना, अनुभवी अंमलदार पिस्तूल रिकामं करत होता. त्याने आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली. चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत झाडायला तयार बसलेलं, काडतूस बाहेर पडून टेबलावर घरंगळलं, ते सगळ्यांनी पाहिलं. मग त्याने मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढलं आणि आता पिस्तूल रिकामं झालं असं धरून चाप दाबला.

नेमकं काय झालं, ते नीट समजून घ्या. स्लाइड मागून पुढे येताना मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. मॅगझिन आत असताना तुम्ही स्लाइड कितीही वेळा ओढा, एक काडतूस बाहेर पडेल आणि त्याच्या जागी दुसरं जाऊन बसेल. टेबलावर पडलेलं काडतूस बघून माणसाचं समाधान होतं, आणि घात तिथेच होतो. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मगच स्लाइड ओढायची. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं, कारण अंधारात किंवा थकव्यात डोळे फसतात. हे सगळं होईपर्यंत नळी वाळू भरलेल्या पेटीकडेच हवी. त्या वेळी समोर माणूस उभाच राहता कामा नये. त्या खोलीत वाळूची पेटी होती, पण कोपऱ्यात, वह्यांच्या गठ्ठ्यामागे.

एका पिस्तुलाची सवय दुसऱ्यावर चालवू नका. ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये मॅगझिन काढलं की चाप चालत नाही. ग्लॉकमध्ये तशी सोय नाही. मॅगझिन बाहेर असलं तरी चेंबरमधली गोळी सुटते. शिवाय साफसफाईसाठी ग्लॉक उघडायचं तर आधी चाप दाबावाच लागतो. ‘साफ करताना गोळी सुटली’ अशा बातम्यांमागे पुष्कळदा हेच असतं. काडतुसं आणि साफसफाईचं सामान एका टेबलावर येऊच देऊ नका. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून यायला फार वेळ लागत नाही.

आता बोटाबद्दल. नेम धरून गोळी झाडायचा निर्णय होईपर्यंत तर्जनी चापाच्या कडीबाहेर, पिस्तुलाच्या अंगाला सरळ टेकलेली हवी. हा नियम शिस्तीसाठी केलेला नाही. स्नायूंच्या हालचालींचा अभ्यास करणारे रॉजर एनोका यांनी 2003 मध्ये आपोआप चाप दाबला जाण्याच्या तीन परिस्थिती मांडल्या: दचकणं, तोल जाणं, आणि एका हाताने जोर लावताना दुसरी मूठही आवळली जाणं. तिन्ही पोलिसांच्या रोजच्या कामातल्या आहेत. एका हाताने संशयिताची कॉलर धरलेली आणि दुसऱ्या हातात पिस्तूल, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. ग्लॉकच्या चापाला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. दचकलेल्या मुठीत तेवढा जोर सहज येतो. ‘मी सावध असतो’ म्हणून भागत नाही, कारण तुमचा मेंदू काही ठरवण्याआधीच ते घडून गेलेलं असतं.

‘पिस्तूल पडलं आणि गोळी सुटली’ असं कुणी सांगितलं तर लगेच खोटं समजू नका. 1944 साली अमेरिकन नौदलात स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर खाली पडून गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कंपनीने हॅमर, म्हणजे काडतुसावर आघात करणारा घोडा, अडवणारा भाग नव्याने बनवला. स्टेनगन दस्त्यावर आपटली की गोळी सुटायची, हेही जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून हातातून शस्त्र निसटलं तर झेल घ्यायला जाऊ नका, पडू द्या. आजच्या बहुतेक पिस्तुलांना पडण्याचा मार सोसेल अशी रचना असते. झेलताना मात्र बोटं नेमकी चापावर जातात. होल्स्टरमध्ये पिस्तूल घालताना जॅकेटची दोरी किंवा शर्टाचं टोक चापात अडकतं, तेही बघत चला. पिस्तूल काढायला घाई लागू शकते, परत ठेवायला कधीच लागत नाही.

सगळ्यात अवघड भाग पुढचा आहे. त्या खोलीत रांगेत एक नवी शिपाई मुलगी उभी होती. नुकतीच शिकून आलेली, त्यामुळे क्रम चुकल्याचं तिच्या लगेच लक्षात आलं होतं. पण समोरचा माणूस तिच्याहून कितीतरी वरिष्ठ. ‘सर, मॅगझिन’ एवढे दोन शब्द तिच्या तोंडून फुटले नाहीत. मी तिला दोष देत नाही, आपण माणसं घडवतोच अशी. पण शस्त्र हातात असताना हुद्दा बाजूला राहिला पाहिजे, आणि हे वरिष्ठांनी पहिल्या दिवशी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. माझ्या वर्गात ‘थांबा’ हा शब्द कुणीही, कुणालाही म्हणू शकतो. तो ऐकला की हात जागच्या जागी थिजले पाहिजेत, बोट बाहेर, नळी पेटीकडे. कारण नंतर विचारायचं. कुणी उगाच थांबवलं तरी त्याला रागवायचं नाही.

त्या दिवशी गोळी माझ्या सहकाऱ्याच्या जांघेत लागली होती. सगळे गाडी आणायला, फोन करायला धावले, आणि जखमेवर जोर द्यायला कुणीच उरलं नाही. मांडीची मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांतच जाऊ शकतो. हातापायाला लागलं असेल तर जखमेच्या वर पाच ते आठ सेंटिमीटरवर टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, आवळा, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत, आणि वेळ लिहून ठेवा. जांघेत टूर्निकेट बसत नाही. तिथे गॉज, नाहीतर स्वच्छ कापड, जखमेत खोल कोंबून दोन्ही हातांनी अंगाचा भार द्यायचा, मदत येईपर्यंत. टूर्निकेट कपाटात कुलपाआड ठेवू नका. जिथे शस्त्रं रिकामी होतात, तिथेच भिंतीवर हाताशी येईल असं अडकवा.

नंतरची चौकशी होतेच, आणि व्हायला हवी. धोका नसेल तर शस्त्र जसं पडलंय तसं राहू द्या. सेफ्टी कुठे होती, पुंगळी कुठे पडली, मॅगझिन आत की बाहेर, यावरून पुढचं सगळं कळतं. वाळूच्या पेटीत सुटलेल्या गोळीचीही नोंद करा. कुणाला लागलं नाही म्हणून ती गिळून टाकणं हा साथीदारांशी दगा आहे. ते शस्त्र आर्मोररने, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, तपासल्याशिवाय पुन्हा कुणाच्या हाती जाता कामा नये.

आणि ज्याच्या हातून गोळी सुटली, त्याच्याजवळ लगेच एक माणूस द्या. त्याच्याकडचं दुसरं शस्त्र असेल तर शांतपणे मागून घ्या. त्याला घरी एकट्याने जाऊ देऊ नका, आणि घरच्यांना कुणीतरी समक्ष जाऊन सांगा. हे काम कुणाचं, ते पाळीच्या तक्त्यात आधीच लिहिलेलं असावं.