किशोरवयीन मुलांसाठी पुस्तकं कशी निवडावीत

बारा वर्षांचं होईपर्यंत पुस्तकात डोकं खुपसून बसणारं मूल तेराव्या-चौदाव्या वर्षी अचानक वाचेनासं होतं, आणि घरातले सगळा दोष मोबाइलवर टाकून मोकळे होतात. मोबाइलचा वाटा आहेच. पण बरेचदा त्याच्या हातात येणारं पुस्तकच त्याचं नसतं. एक तर ते लहान मुलांचं असतं, नाहीतर ‘यातून काहीतरी शिकेल’ म्हणून मोठ्यांनी आणलेलं. या मधल्या वयासाठी लिहिलेलं साहित्य आज भरपूर आहे. त्यातून नेमकं निवडायला थोडा वेळ द्यावा लागतो.

१. आधी वाचणाऱ्याकडे बघा

‘तुला कसली पुस्तकं आवडतात?’ असं विचारलं की ‘कसलीही’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा बारीक प्रश्न विचारा. शेवटपर्यंत वाचलेलं शेवटचं पुस्तक कोणतं? मध्येच सोडलं ते कुठे आल्यावर? सलग बसून कोणती मालिका पाहिलीस, आणि त्यातलं कोण आवडलं? गुन्ह्यांच्या तपासाची मालिका बघणाऱ्या मुलीला तपास अधिकाऱ्यापेक्षा प्रयोगशाळेत नमुने तपासणारी बाई आवडत असेल, तर तिला रहस्यकथेइतकंच न्यायवैद्यक शास्त्रावरचं सोपं पुस्तक धरून ठेवेल.

२. मुखपृष्ठावरच्या वयोगटावर विसंबू नका

यंग अ‍ॅडल्ट हा शिक्का साधारण १२ ते १८ वर्षांच्या वाचकांसाठी मारला जातो. बाराव्या आणि सतराव्या वर्षात किती अंतर असतं हे वेगळं सांगायला नको. म्हणून मुख्य पात्राचं वय बघा. मुलांना आपल्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठ्या पात्रांबद्दल वाचायला आवडतं; आपल्याहून लहान नायक असला की पुस्तक बाजूला पडतं.

३. तीन ठिकाणी उघडून वाचा

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पहिलं पान, मधलं एखादं पान आणि जिथे मोठं माणूस मुलाशी बोलतंय असं एक पान वाचा. या तिसऱ्या पानावरचा संवाद सगळं उघडं करतो. समजा, गोष्टीतली मुलगी परीक्षेत नापास झाली आहे. वडील तिला मेहनतीचं महत्त्व दीड पानभर समजावतात, ती डोळे पुसते आणि पुढच्या प्रकरणात पहिली येते. असं पुस्तक परत ठेवून द्या, मुलं हा कावा दोन ओळींत ओळखतात. दुसऱ्या एखाद्या पुस्तकात तीच मुलगी निकालाचा मेसेज मैत्रिणीला लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते आणि शेवटी फोन उशीखाली सरकवते. इथे लेखकाला हे वय आतून माहीत आहे. असं पुस्तक घ्या, विषय कोणताही असो.

हा आतला आवाज किती पुढे नेतो याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिका अठरा वर्षांची होती आणि लिहायला सुरुवात केली तेव्हा ती शाळेत होती. चौदा वर्षांचा मुलगा स्वतः ती गोष्ट सांगतो. इतक्या वर्षांनंतरही मुलं ती वाचतात.

४. अवघड विषयांना घाबरू नका, पण डोळसपणे बघा

मृत्यू, प्रेम, शरीराबद्दलची लाज, घरातली भांडणं, व्यसन, नैराश्य हे सगळं या पुस्तकांत असतं, कारण ते या वयात असतं. ‘यात असलं काही नाही ना?’ असं विचारून पुस्तकं गाळत गेलात तर उरतील ती कुणालाच नको असतील. विचारायचं ते हे: लेखक त्या प्रसंगाचं काय करतो? हिंसेचे परिणाम दाखवतो की ती नुसती थरारासाठी वापरतो? छळणारा प्रियकर गोष्टीत रोमँटिक ठरतो का? दुःखात असलेल्या पात्राला कुणाचा तरी, एखाद्या मित्राचा किंवा शिक्षकाचा, हात मिळतो का?

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. आत्महत्या किंवा स्वतःला इजा करणं ज्यात बारीकसारीक तपशिलासह, पद्धत समजेल असं लिहिलेलं असतं, किंवा मरणं हाच सगळ्या प्रश्नांवरचा उपाय म्हणून दाखवलेलं असतं, ते पुस्तक सध्या मनाने खचलेल्या मुलाला देऊ नका. तसं मूल घरात असेल तर पुस्तकाआधी त्याच्याशी बोला, आणि समुपदेशकाची मदत घ्यायला उशीर करू नका.

बाकी शंका असेल तिथे तुम्हीही तेच पुस्तक वाचा. काढून घेण्यापेक्षा सोबत वाचणं कितीतरी उपयोगी पडतं.

५. एक पुस्तक नको, चार-पाच समोर ठेवा

निवड मुलानेच करायची. तुमचं काम ढीग चांगला लावण्याचं. अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली म्हटलं होतं की काही पुस्तकं वाचकाला आरसा होतात, काही खिडकी, आणि काही सरकतं काचेचं दार, ज्यातून पलीकडे जाता येतं. तुमच्या ढिगात आरसाही हवा आणि खिडकीही. त्याच्यासारखं घर, त्याच्यासारखी भाषा, त्याच्यासारखी अडचण असलेलं एखादं. आणि ज्यांच्याबद्दल त्याला काहीच माहीत नाही अशा माणसांचं एखादं. अनुवाद जरूर घ्या, फक्त पहिलं पान मोठ्याने वाचून बघा. वाक्यं जिभेवर अडखळत असतील तर दुसरा अनुवाद शोधा.

६. वाचनाचा कंटाळा असेल तर

चित्रकादंबरी, कवितेच्या ओळींत लिहिलेली कादंबरी, कथासंग्रह, ऑडिओबुक, खेळाडूचं आत्मचरित्र: सगळं चालतं. कवितेच्या ओळींत लिहिलेल्या कादंबरीत पानावर मोकळी जागा भरपूर असते, पानं भराभर उलटतात आणि ‘मी संपवलं’ हा आनंद लवकर मिळतो. अक्षरं वाचताना अडखळणाऱ्या मुलाला पुस्तक हातात आणि आवाज कानात अशी जोडी द्या. चित्रं आहेत म्हणजे हे खरं वाचन नाही, असं त्याच्यासमोर कधीही म्हणू नका.

७. सोडू द्या, आणि गप्प बसू द्या

शिक्षक म्हणून अनेक वर्षं काम केलेल्या डॅनिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यातला तिसरा हक्क पुस्तक अर्धवट सोडण्याचा आणि दहावा वाचलेल्याबद्दल काहीही न बोलण्याचा. घरात हे दोन पाळले तरी खूप झालं. तीस-चाळीस पानांनंतरही मन लागत नसेल तर पुस्तक बिनतक्रार परत ठेवायला सांगा. संपवलं तर ‘काय शिकलास?’ असं विचारू नका. तुम्हीही ते वाचलं असेल तर आपलं मत सांगा, ‘मला त्या भावाचा फार राग आला’ एवढंच. बोलायचं असेल तर ते बोलेल.

पुस्तक एका रात्रीत संपलं तर मात्र वेळ घालवू नका. मालिका असेल तर पुढचा भाग, नसेल तर त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक दोन-तीन दिवसांत हाताशी असू द्या.