किनाऱ्यावर जाताना सूर्योदय नाही, तिथी बघा

पक्षी बघायला जाताना दुर्बीण कशी धरायची, भडक कपडे का नकोत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. यंदा हिवाळ्यात अलिबागजवळचा आक्षी-रेवदंड्याचा किनारा आणि त्याला जोडून फणसाड अभयारण्याचं रान असा बेत असेल, तर सुट्टी टाकण्याआधी पंचांग उघडा.

रानात पहाट गाठली की काम भागतं. किनाऱ्यावर नाही. चिखल्या, तुतवार, गॉडविट अशा चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची जेवणाची वेळ भरती-ओहोटी ठरवते. ओहोटी रात्री असेल तर ते रात्री चरतात. माझे सुरुवातीचे हिवाळे हे न कळताच गेले, म्हणून जरा लांबण लावतो.

मुंबई-अलिबाग पट्ट्यातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ; दिवसा आणि रात्री दोन्हीकडे. आता पौर्णिमा किंवा अमावास्या घ्या. भरती बाराच्या आगेमागे, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि तीही उधाणाची. पाणी पार लांब गेलेलं, पक्षी दूर चिखलात पांगलेले. दुर्बिणीतून नुसते ठिपके. अष्टमीला उलटं. भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती सहालाच भरलेली, सगळा थवा कोरड्या वाळूवर चोच पिसांत खुपसून झोपलेला. चोच दिसत नाही, पाय एकच दिसतो. काय ओळखणार? दोन्ही दिवशी तुम्ही काळोखात उठून धडपडत पोचलेले असता आणि वाटतं, आपल्याला हे जमणारच नाही. जमेल. दिवस चुकला, डोळे नाही.

एकादशी ते त्रयोदशी धरा. भरती साधारण सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान भरते. दोन तास आधी जाऊन एका जागी बसा. पाणी चढेल तसे पक्षी आपणहून तुमच्याकडे सरकतात. सूर्य डोंगराकडून, म्हणजे पाठीमागून येतो, हा फायदा वेगळाच. दुपारच्या भरतीला ऊन समुद्रावरून थेट डोळ्यांत येतं आणि प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते, तेव्हा छापील तक्ता पाहा, नाहीतर सरळ एखाद्या कोळीदादांना विचारा. माझा विश्वास त्यांच्यावर जास्त.

चढत्या पाण्यात मात्र शहाणपणा करू नका. पुढे वाळूच्या दांड्यावर तुम्ही रमलेले असता आणि मागची खाडी भरून वाट बंद होते. खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, चिखलात तर पाऊलच टाकायचं नाही. फोटोसाठीही नाही.

ओळखीचं म्हणाल तर रंग विसरा. हिवाळ्यात हे सगळे राखी-तपकिरी असतात. चाल बघा. चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. डनलिनसारखे तुतवार शिवणयंत्रासारखी चोच चालवत राहतात. लाटेच्या कडेने मागेपुढे पळणारा फिकट ठेंगणा बहुधा सँडरलिंग. एकाच चिखल्याचं नाव पुस्तकात ‘लेसर सँड प्लोव्हर’ आणि ॲपमध्ये ‘तिबेटन’ दिसलं तर गोंधळू नका. 2023 मध्ये ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाने त्या जातीचे दोन भाग केले, आपल्याकडे येणारा तो तिबेटन. आणि कुरव, म्हणजे सीगल? मोठ्या कुरवांमधल्या वयात न आलेल्या पक्ष्यांकडे तुमच्या पहिल्या वर्षी ढुंकूनही बघू नका. जाणकारही तिथे भांडतात.

आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपवर भिस्त ठेवणारे खूप भेटतील. रानात ते कामाचं आहे, लाटांच्या गाजेत फारसं नाही. उडत्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून थव्यावर धावत जाणारा मार्गदर्शक भेटला, तर त्याची कीर्ती कितीही असो, त्याच्याबरोबर पुन्हा जाऊ नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीसाठी चरबी साठवायची असते, ती आपण उडवून लावायची? सालिम अलींनी याच भागात, किहीमला, सुगरणीची घरटी बघत महिने काढले. धावून नव्हे, बसून.

दुसऱ्या दिवशी फणसाड, आणि इथे मात्र पहाटच. पाणवठ्यांना तिथे गाण म्हणतात. उजाडायच्या आत रानात शिरून वणवण करण्यापेक्षा गाणाजवळ आडोशाला थांबा. थंडीतले पाहुणे माशीमार, निळा-हिरवट व्हर्डिटर, स्वर्गीय नर्तक, पाण्याच्या आसपास येतात. शेंड्यावर सतत हलणारे हिरवट वटवटे (वॉर्बलर) दिसले की जीव घाबरा होतो. त्यांचा आवाज आधी शिका. ग्रीनिश वॉर्बलरची दोन अक्षरी हाक एकदा कानात बसली की निम्मं रान मोकळं होतं. उरलेले वहीत ‘वटवट्या, अनोळखी’ म्हणून लिहा. माझ्या वहीत अजूनही असे बरेच आहेत.