हिरवा रस करताय? मिक्सरवाल्याचं ऐका, या चुका टाळा

बेळगावात शहापूरला माझं मिक्सर-कुकर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. जून आला की कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्या, जानेवारी आला की मिक्सर. जानेवारीतल्या मिक्सरचं भांडं उघडलं की विचारावं लागत नाही, वासच सांगतो: पालक, पुदिना, आलं. एक तारखेला संकल्प, पाच तारखेला माझं दुकान.

हसतोय असं समजू नका. मीही नऊ वर्षं रोज सकाळी हिरव्या भाज्यांचा एक पेला पितो. आमच्या गावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीभरल्या आवारात फिरायला जाणाऱ्या मंडळींचं बघून सुरू केलं आणि जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या. म्हणून दुकानात तेच तेच बघून आता कंटाळा आलाय. एकदाच लिहून ठेवतो.

कडू दुधी

हे पहिलं, कारण बाकीच्या चुकांनी मिक्सर जातो, या चुकीनं माणूस जायची वेळ येते.

रस सुरू करून वर्ष झालं असेल. गणपत गल्लीत एका बाईकडून कोवळा, लांबट दुधी घेतला. सवयीनं विचारलं, "अक्का, कडू नाही न्हवं?" "कहि इल्लरी, तगोळ्री," ती म्हणाली. कडू नाही, घ्या. तिचा काय दोष, दुधीच्या पोटात शिरून कोण बघतंय? घरी येऊन साल काढली, अर्धा दुधी, पुदिना, आवळा, आलं घालून फिरवलं. पहिलाच घोट असा कडू, की जीभ आखडली. आणि इथं माझ्यातला शहाणा जागा झाला. कडू ते औषध! लोक कारल्याचा रस पितातच की. आणखी एक आवळा घालून परत फिरवलं, नाक दाबलं आणि पाऊण पेला आत लोटला. बायकोनं एक घोट घेऊन बेसिनमध्ये थुंकला. "तुम्ही पण टाका ओ ते," म्हणाली. तिचं ऐकायची मला कुठली सवय.

अर्ध्या तासात पोटात पीळ पडला. मग उलट्या, मग जुलाब, आणि दोन्ही थांबेनात. दुकानाची किल्ली खिशात घेऊन मी मोरीजवळ बसून राहिलो. शेजारच्या पोरानं रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत बीपी इतकं उतरलं होतं की नर्सनं दोनदा मोजलं. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय घेतलंत? दुधीचा रस म्हटल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न लगेच आला, "कडू होता?" मी मान हलवली. सलाईन लागलं, रात्र तिथंच काढली. बायकोनं तोंडातनं एक शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं.

नंतर समजून घेतलं ते असं. दुधी, काकडी, दोडका, भोपळा ही सगळी एकाच घराण्यातली. किडीनं आणि जनावरांनी खाऊ नये म्हणून या वेली कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार करतात. आपण लावतो त्या वाणांत ती नावापुरती असतात, पण एखाद्या फळात भरमसाट उतरतात आणि वरनं रंगावरनं, आकारावरनं काही कळत नाही. शिजवलं म्हणून जात नाहीत. त्यावर उतारा म्हणून ठरावीक औषधही नाही, डॉक्टर फक्त सांभाळून घेतात. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी या प्रकाराचा अभ्यास केला. त्यांचा सल्ला साधा आहे: रस काढायच्या आधी तुकडा चाखा, कडू लागला तर सगळं टाकून द्या, दुधीच्या रसात दुसऱ्या भाजीचा रस मिसळू नका, आणि प्यायल्यावर त्रास झाला तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठा. मिसळू नका का, ते माझ्या आवळ्यानंच दाखवलं. कडूपणा झाकला की जिभेचा पहारा उठतो.

आता मी दुधीच्या दोन्ही टोकांचा आणि मधला असे तीन तुकडे चावून बघतो. काकडीचंही तेच. टोक कापून घासून फेस काढायची आजीची रीत चांगली, पण फेस काढला म्हणून कडू काकडी गोडी होत नाही. वीस रुपयांची भाजी फेकताना जिवावर येतं त्यांनी सलाईनचा दर विचारून यावं.

भांड्यात कोंबाकोंबी

हा माझा पोटापाण्याचा विषय, त्यामुळं लांबण लागेल.

नवशिका काय करतो? सगळ्यात मोठं भांडं घेतो. तळाला पालकाची जुडी, तीही देठासकट अख्खी. वर काकडीचे चार ओबडधोबड तुकडे, फ्रीजमधनं काढलेला बर्फ, चमचाभर पाणी. झाकण दाबून एकदम तीन नंबरवर. ब्लेड फिरतं, खालच्या पानांचा लगदा होतो, त्यात पोकळी तयार होते आणि ब्लेड हवेत भिरभिरतं. वरची भाजी जागची हलत नाही. मग हा बाबा मिक्सर हातात उचलून गदागदा हलवतो. तरी होत नाही म्हणून दोन मिनिटं, तीन मिनिटं तसाच चालू ठेवतो. मोटर तापते, जळका वास येतो, मिक्सर बंद पडतो. तो तसाच पिशवीत घालून माझ्याकडे.

मागच्या जानेवारीत एक काकू आल्या. सहा महिन्यांचा मिक्सर, जळाला म्हणून डोळ्यांत पाणी. मी उलटा केला, तळाचं लाल बटण दाबलं, चालू केला. सुरू! मोटरवर जास्त भार आला की ते बटण वीज तोडतं. मिक्सर वाचावा म्हणून ते दिलेलं असतं. पैसे घेतले नाहीत, पण बटण दाखवल्याचं वाईट वाटलं, कारण पुढच्या आठवड्यात त्यांचा नातू तोच मिक्सर घेऊन आला. आजी म्हणाली बंद पडला की बटण दाबायचं, म्हणून हा पठ्ठ्या बंद पडला की दाबतोय, पडला की दाबतोय. पाच-सहा वेळा. या खेपेला खरोखरच वाइंडिंग, म्हणजे मोटरीतल्या तारांचं वेटोळं, जळालं होतं. बटण पडलं तर भांडं काढा, अर्धी भाजी कमी करा, पाणी वाढवा, मोटर गार होऊ द्या, आणि मग दाबा.

दुसरं दुखणं बुशचं, म्हणजे भांड्याच्या तळाला ब्लेडची दांडी जिच्यात फिरते त्या कडीचं. देठांचे दोरे ब्लेडच्या मुळाशी गुंडाळतात, बुश झिजतो आणि भांडं तळातनं गळायला लागतं. गळलेला रस कपलरवरनं, म्हणजे भांडं मोटरीला जोडणाऱ्या चकतीवरनं, मोटरीत उतरतो. वरनं, झिजलेल्या बुशचं काळं तेलकट पाणी रसात मिसळतं. गेल्या वर्षी एकांनी विचारलं, रस काळपट येतोय, पालक जास्त झालाय काय? पालक नव्हे साहेब, ग्रीस पिताय तुम्ही. भांड्याच्या तळाला बोट फिरवून बघा, काळं लागलं तर आधी बुश बदला.

माझी पद्धत: एक-दोन पेल्यांसाठी मधलं भांडं. मोठ्या भांड्यात थोडी भाजी भिंतीला चिकटून बसते. तळाला बारीक चिरलेली काकडी आणि अर्धा पेला पाणी. ते आधी फिरवून पातळ करायचं. मग पानं मुठीमुठीनं घालायची, देठं बोटभर चिरून. भांडं दोन-तृतीयांशाच्या वर भरायचं नाही. एक नंबरवर सुरुवात, मग वर. अर्धं मिनिट झालं की थांबायचं, चमच्यानं कडा खाली लोटायच्या, परत अर्धं मिनिट. सातशे पन्नास वॅटचा मिक्सर असला तरी घाई त्याच्याच्यानं पचत नाही.

रोज एक जुडी कच्चा पालक

पालक म्हणजे लोह, लोह म्हणजे ताकद, म्हणून रोज अख्खी जुडी कच्ची. यातले मुतखडा घेऊन परत आलेले दोन गिऱ्हाईक मला ठाऊक आहेत. खडा पालकानंच झाला असं मी म्हणणार नाही, पण दोघांनाही डॉक्टरांनी पहिल्यांदा पालक बंद करायला लावला. कच्च्या पालकात ऑक्झलेट भरपूर, शंभर ग्रॅममध्ये पाऊण ते एक ग्रॅमच्या घरात. लघवीत ते कॅल्शियमला धरून खडे बनवतं. वाटीभर भाजीत जातो तेवढा पालक पेल्यात दोन घोटांत जातो, आणि रोज जातो, हीच अडचण. राजगिरा नि लाल माठही याच पंगतीतले.

मी आठ-दहा पानंच घेतो, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, आणि ते पाणी ओतून टाकतो. ऑक्झलेटचा बराच भाग पाण्यात उतरतो. आठवड्यातनं दोनदाच पालक. बाकी दिवस कोथिंबीर, पुदिना, कोबीचं पान, मूठभर शेवग्याचा पाला. ज्यांना खडा होऊन गेलाय किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी शेजाऱ्याचं ऐकून पेला उचलू नये. रक्त पातळ करायच्या वॉरफेरिनसारख्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारावं, कारण हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं. कारल्याचा रस नि मधुमेहाची गोळी एकदम उपाशीपोटी घेऊन, साखर उतरून घाम फुटलेले लोकही मी फिरायच्या वाटेवर बाकावर बसलेले बघितलेत.

धुण्याची घाई

पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरतं हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत, तरी पालेभाजी नळाखाली धरून झटकली की झालं म्हणतात. शिजवायच्या भाजीला एक वेळ चालेल, कच्ची पिणार असाल तर नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, जुडी सोडून पानं बुडवायची, हलवायची, आणि पानं वर उचलून घ्यायची. पाणी ओतायचं नाही, ओतलं की तळाला बसलेली माती परत पानांवर. तळ स्वच्छ दिसेपर्यंत, पावसाळ्यात चार-पाच पाणी लागतात. आणि आधी धुवायचं, मग चिरायचं.

आता भराभर.

लिंबू वाटताना घालू नका. आंबटानं हिरवा रंग मरतो, रस शेवाळी दिसतो. पेल्यात ओतल्यावर पिळा.

गूळ, साखर, मध नको. आपला जिल्हा उसाचा, कारखान्यांच्या चिमण्या जिकडंतिकडं, म्हणून प्रत्येक पेला गोड पाहिजे असं नाही. गोडीच हवी तर अर्धं सफरचंद.

गाळू नका. चोथा टाकून रंगीत पाणी पिणार असाल तर एवढा खटाटोप कशाला?

सकाळी करून बाटलीत भरून दुपारी ऑफिसात पिऊ नका. वाटलेलं पान चिरलेल्या पानापेक्षा लवकर नासतं. दहा मिनिटांत संपवा.

वर लगेच चहा नको, तासभर थांबा. चहानं पानातलं लोह अंगी लागत नाही. लिंबानं लागतं.

कुंपणावरची गुळवेल, कुणीतरी सांगितलेला पाला, असलं काही रसात टाकू नका. तशाच दिसणाऱ्या वेली असतात. हिरवं पान म्हणजे चांगलंच असा ज्यांचा समज आहे त्यांनी एकदा निपाणीच्या तंबाखूच्या शेतात उभं राहून यावं.

डब्यातली हिरवी पावडर? त्यावर मी बोलत नाही. बाजार चार पावलांवर असताना वाळवलेला पाला घेणाऱ्याला काय सांगायचं!

दोन पेल्यांचं माझं माप विचारतात म्हणून: चाखून घेतलेली एक मध्यम काकडी, मूठभर कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, पुदिन्याची दहा पानं, पालकाचा दिवस असेल तर उकळत्या पाण्यातनं काढलेली आठ पानं, अर्धा इंच आलं, दीड पेला पाणी. वरनं अर्धं लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूट सैंधव. पहिला आठवडा अर्धाच पेला प्या. एकदम मोठा पेला ढोसून पोट फुगलं, की "आपल्याला सोसत नाही" म्हणून सोडणारेच जास्त.

आणि भांडं लगेच धुवा. अर्धं भांडं पाणी घालून दहा सेकंद फिरवा, रबर काढून त्याच्या खाचेतला पाला काढा, भांडं उपडं वाळवा. परवा आलेल्या एका झाकणाच्या रबराखाली पुदिन्याला मूळ फुटलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, रोज धुतो ओ. मी रबर तसंच काउंटरवर ठेवलंय, विचारणाऱ्याला दाखवायला.