परसातल्या कोई पाँडला लायनर घेताय? आधी पावसात विहीर बघा

कोई पाँड, म्हणजे कोई या रंगीत जपानी माशांचं तळं, करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, लायनर, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून खड्ड्यात अंथरायचा कागद, ईपीडीएम घेऊ, एचडीपीई घेऊ की पीव्हीसी. गोव्यात तरी मी हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवते. पहिला प्रश्न म्हणजे तुमच्या परसात जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीखालचं पाणी किती वर येतं.

आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि जांभा दगड असा भोकाभोकाचा की वरून पडलेलं पाणी भराभर आत मुरतं आणि खालची पातळी चढत जाते. ती पातळी पाँडमधल्या पाण्याच्या वर गेली की लायनर खालून उचलला जातो. मध्येच मोठा फुगा येतो, पाणी काठावरून वाहून जातं आणि मासे कडेला कोंबले जातात. लायनर कितीही महागाचा असू दे, त्याच्या वजनाने तो दाबून राहत नाही, एचडीपीई तर पाण्यापेक्षा हलकंच असतं. म्हणून भर पावसात साफसफाईसाठी पाँड रिकामा करायचा नाही, कधीच नाही.

आता हे मोजायचं कसं, तर घरची नाहीतर शेजारची विहीर बघा. भर पावसात अंगणाच्या पातळीपासून पाणी किती खाली आहे ते दोरी सोडून मोजा. समजा 3 फुटांवर आलं, तर खड्डा अडीच फुटांच्या खाली न्यायचा नाही. पण कोईला पाणी कमीत कमी 4 फूट खोल पाहिजे, उथळ पाणी एप्रिल-मेमध्ये फार तापतं आणि खंड्या नि बगळ्यांनाही सोपं होतं. मग उरलेली उंची चिऱ्यांची भिंत घालून जमिनीच्या वर काढायची, पाणी भिंतीच्या थोडं खाली ठेवायचं म्हणून दोनेक फूट धरा. या भिंतीचा अजून एक फायदा म्हणजे अंगणातलं लाल पाणी पाँडमध्ये शिरत नाही. शेताला लागून सखल जागा असेल तर मी सरळ सांगेन, खणूच नका, पूर्ण पाँड वर बांधा.

हे ठरलं की लायनर निवडणं बरंच सोपं होतं.

ईपीडीएम म्हणजे रबर. मऊ, ताणलं जाणारं, वाकड्यातिकड्या आकारात छान बसतं, उन्हालाही टिकतं, 1 मिलिमीटर जाडीचं घेतलं आणि नीट बसवलं तर 20 वर्षं सहज जातात. बजेट असेल आणि आकार गोलमटोल असेल तर मी डोळे झाकून हेच सांगते. फक्त छपरासाठी बनवलेलं ईपीडीएम पाँडसाठी म्हणून कोणी गळ्यात मारत नाही ना ते बघा, माशांना चालतं असं लेखी मागा.

एचडीपीई म्हणजे घाटावर शेततळ्याला घालतात तो कागद. 500 मायक्रॉनचा सहज मिळतो, ईपीडीएमपेक्षा बराच स्वस्त आणि मजबूत, पण कडक. कोपऱ्यात जाड घड्या पडतात, त्या घड्यांत घाण बसते, आणि जोड द्यायचा तर तापवून वेल्डिंगच लागतं, गोंद त्याला धरत नाही. चौकोनी, सरळ भिंतींचा पाँड असेल आणि वेल्डिंगवाला जागेवर येऊन कोपरे शिवून देणार असेल तर हे उत्तम, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नका.

पीव्हीसी मऊ असतं, चिकटवताही येतं, पण उघड्या भागावर ऊन लागून काही वर्षांत कडक होऊन तडकतं. निळी ताडपत्री तर कोईसाठी विचारातच घेऊ नका. रंग काळाच घ्या, त्यावर कोईचा लाल-पांढरा खुलून दिसतो.

दुकानात एक तुकडा मागून घ्या, उजेडासमोर धरून बारीक भोकं आहेत का बघा, घडी घालून नखाने दाबा, पांढरी रेघ राहिली तर मी तो माल घेत नाही, आणि रॉकेलसारखा उग्र वास आला तर बहुतेक भंगार वितळवून पुन्हा केलेलं प्लास्टिक असतं.

माप असं काढा: लांबी, अधिक खोलीच्या दुप्पट, अधिक दोन्ही कडांना एकेक फूट. रुंदीलाही तसंच. 10 बाय 8 फुटांचा, 4 फूट खोल पाँड धरला तर लायनर 20 बाय 18 फूट लागतो. त्यात सरळ भिंती असतील तर साधारण 9000 लिटर पाणी बसतं, म्हणजे मोठ्या झालेल्या सात-आठ कोई, त्याहून जास्त नको. खोली सगळ्यात खोल जागेची धरा आणि मापाची दोरी खड्ड्यात टेकवत टेकवत घ्या, हवेत ताणून नाही.

आता लायनरच्या खालचं, यावर पैसे वाचवू नका. जांभ्यात खणलेली भिंत बघा कशी असते, खडबडीत, मध्ये लोखंडासारखे टणक खडे बाहेर आलेले, आणि 4 फूट पाण्याचा दाब लायनरला त्याच खड्यांवर रोज दाबत राहणार. जुनं सुती फडकं हातात घेऊन सगळ्या भिंतीवरून फिरवा, जिथे अडकेल तिथे खडा काढा किंवा सिमेंटचा हात मारा. मग 300 जीएसएमचं (चौरस मीटरला 300 ग्रॅम) जिओटेक्स्टाइल, म्हणजे लायनरखाली घालायचं जाड, न कुजणारं कापड. जुना गालिचा, गोणपाट, वर्तमानपत्र घालू नका, वाळवी एका पावसात खाऊन टाकते आणि खाली पोकळी राहते. नुसती वाळू पण उभ्या भिंतीवर टिकत नाही. जवळ बांबूचं बेट किंवा घुशीचं बीळ असेल तर जागाच बदला, कारण बांबूचे कोंब आणि घुशीचे दात दोन्ही लायनर फोडतात. माडापासूनही जरा लांबच राहा.

लायनर दिवाळीनंतर, जमीन सुकली की घाला. पसरून तासभर उन्हात ठेवला की मऊ पडतो, मग पाणी हळूहळू सोडत घड्या हाताने एका बाजूला सारत जा. बॉटम ड्रेनचं, म्हणजे तळातून पाणी काढायच्या पाइपचं, भोक पाणी भरायच्या आधी फ्लँज (लायनर आवळून धरणारी कडी) बसवून मगच कापायचं. ओव्हरफ्लोचा पाइप जाडच ठेवा, पावसाळ्यात तोच कामाला येतो.

अजून एक गोष्ट, लायनरमधून सिमेंटसारखा चुना सुटत नाही, हे चांगलंच, पण आपल्या विहिरीचं पाणी बरेचदा आम्लाकडे झुकलेलं असतं आणि पावसाचं पाणी तर अगदीच मऊ, त्यामुळे पीएच घसरू शकतो. पाण्याला थोडा चुना मिळावा म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, स्वच्छ धुवून, जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवा, आणि पावसाळ्यात केएच (पाण्याची पीएच टिकवून धरायची ताकद) आठवड्याला तपासा.

काठावरचा जादा लायनर लगेच कापू नका. पाँड पूर्ण भरून आठवडाभर तसाच राहू दे, पाण्याच्या वजनाने लायनर अजून खाली सरकतो, विशेषतः एचडीपीई उन्हात पसरतो आणि रात्री आखडतो. मग जादाचा कापून कड चिऱ्याखाली दाबा, पण तिचं टोक पाण्याच्या पातळीच्या वर उभं राहिलं पाहिजे, नाहीतर चिरा पाणी शोषून बाहेर सोडत राहतो आणि तुम्ही उगाच लायनरमध्ये भोक शोधत बसाल.