भरीत पार्टीचा रात्रीचा शूट आणि खिशातला छोटा आरजीबी लाइट

थंडी पडली की आपल्याकडे जळगाव, यावल, भुसावळ भागात शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात आणि ज्याच्या हातात मोबाइल तो रील काढतो. हल्ली बऱ्याच जणांकडे तो मोबाइलएवढा रंग बदलणारा एलईडी लाइट पण आलाय. घेतला की पहिल्या दिवशी सगळे काय करतात, एका बाजूने जांभळा, दुसऱ्या बाजूने निळा, मी पण केलंय. पण ताटातलं भरीत जांभळं दिसलं तर खायला कोण येईल भो?

आधी लाइटमधले दोन मोड समजून घ्या. एक सीसीटी, म्हणजे पांढराच उजेड पण पिवळसर ते निळसर, आकडा केल्विनमध्ये असतो, जुन्या पिवळ्या हॅलोजनसारखा हवा तर 3200, दुपारच्या उन्हासारखा हवा तर 5600. दुसरा एचएसआय, त्यात 0 ते 360 पर्यंत कोणताही रंग, 0 ला लाल, 120 ला हिरवा, 240 ला निळा. चेहरा आणि जेवण यांना सीसीटीच लावायचा, एचएसआय फक्त मागच्या झाडाला, भिंतीला वगैरे.

याचं कारण मला वांग्यांनी शिकवलं. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजत होतो, जाळ मस्त केशरी, म्हणून मी पण एचएसआयमध्ये हिरव्याचा अंश नसलेला गडद लालसर रंग टाकला, सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, 100. स्क्रीनवर बघतो तर आपली हिरवी वांगी काळी, कांद्याची पात काळी, मिरच्या तर कोळसाच. उजेडात हिरवं नसेलच तर हिरवी वस्तू परत काय पाठवणार? तोच लाइट सीसीटीवर 2700 ला आणला आणि पात लगेच हिरवी झाली. ज्याला पटत नाही त्याने घरी अंधार करून एका कोथिंबिरीच्या जुडीवर दोन्ही मोड मारून बघावेत.

आता सेटिंग. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा कोणत्या उजेडाला पांढरा धरतो ते, लॉक होत नसेल तर मॅन्युअल कंट्रोलवालं अ‍ॅप टाका, नाहीतर जाळ भडकला की रंग आपोआप बदलत राहतो. रात्री मी कॅमेरा 3200 वर लॉक करतो, चेहऱ्याचा लाइट 2700 च्या आसपास, म्हणजे शेकोटीचा जाळ केशरीच राहतो आणि माणूस पण थोडा उबदार दिसतो. मागे चांदण्यासारखं निळसर हवं असेल तर निळा रंग शोधत बसू नका, दुसरा लाइट सीसीटीवरच 6500 ला ठेवा, 3200 च्या कॅमेऱ्याला तो निळसरच दिसतो, आणि खोटा वाटत नाही. शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, 1/50 सेकंद ठेवा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे, मळ्यातल्या खोलीवरचा बल्ब फ्रेममध्ये आला तरी त्याच्या लुकलुकण्याचे पट्टे सहसा येत नाहीत.

लाइट ठेवायचा कुठे, तर जाळाच्या बाजूने आणि खाली, विटेवर वगैरे. जाळाचा उजेड खालून येतो ना, मग तुमचा वरून आला की लगेच कळतं. समोर बटर पेपर लावा, सावल्या मऊ होतात. आणि हा लाइट छोटा आहे हे विसरू नका, अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई राहतो, त्यामुळे फ्रेमच्या बाहेर पण जितका जवळ नेता येईल तितका न्या. लाइटमध्ये फायर इफेक्ट, म्हणजे जाळासारखा लुकलुकणारा मोड, असेल तर स्पीड कमी ठेवा, नाहीतर शेकोटीऐवजी डीजेची गाडी वाटते.

फुल ब्राइटनेसला एवढीशी बॅटरी फार टिकत नाही, पॉवर बँक सोबत हवीच. उन्हाळ्यात मात्र लाइट बंद गाडीत टाकून जाऊ नका, आपल्या 45 च्या उन्हात बॅटरीची वाट लागते.

मागे मॅग्नेट असतो तो लोखंडाला भारी चिकटतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला तर फारच, पण शूट संपल्यावर आठवणीने काढा. माझा एक लाइट ट्रॉलीसोबत कपाशी घेऊन जिनिंगला जाऊन आलाय, चालूच.