शेड्युल केलेलं टास्क मध्येच थांबतंय? या चुका टाळा

शेड्युल केलेलं टास्क म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप करायला कॉम्प्युटरला लावून दिलेलं काम. विंडोजवर ते अर्धवट थांबलं की बहुतेकजण ते डिलीट करून नव्याने बनवतात. कृपा करून हे करू नका. नवं टास्क बनवलं की विंडोज सगळ्या सेटिंग्ज परत मूळ पदावर आणतं, आणि पुष्कळदा दोष त्या मूळ सेटिंग्जमध्येच असतो.

त्यातली सगळ्यात त्रासदायक सेटिंग बॅटरीची. अशी कामं लावायचं विंडोजमधलं साधन म्हणजे टास्क शेड्युलर. त्याच्या 'कंडिशन्स' टॅबमध्ये दोन टिका आधीपासूनच असतात: चार्जर लावलेला असेल तरच टास्क सुरू करायचं, आणि मशीन बॅटरीवर गेलं की थांबवायचं. एका ऑफिसात संध्याकाळचा बॅकअप कधी पूर्ण व्हायचा, कधी अर्ध्यातच तुटायचा. त्यांनी अँटिव्हायरस बदलला, हार्ड डिस्क बदलली, टास्क तर कितीदा तरी नव्याने बनवलं. टास्कची हिस्टरी, म्हणजे ते कधी सुरू झालं, का थांबलं याची नोंद, मात्र कुणीच उघडली नव्हती. ती मुळात बंद असते, उजवीकडच्या 'अॅक्शन्स'मधून चालू करावी लागते. चालू केल्यावर दुसऱ्याच दिवशी नोंद सापडली: इव्हेंट 327, बॅटरीवर गेल्यामुळे टास्क थांबवलं. शेवटी निघणारा माणूस भिंतीवरचं बटण बंद करून जायचा. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहायचा, बॅकअप मात्र तिथेच संपायचा. लोक उशिरापर्यंत बसले की तो बरोबर पूर्ण व्हायचा. दोन्ही टिका काढल्या, चार्जर वेगळ्या बोर्डावर नेला, प्रश्न मिटला. चांगली हार्ड डिस्क उगाच गेली. डेस्कटॉपवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. यूपीएस यूएसबी केबलने जोडलेला असेल तर विंडोज त्यालाही बॅटरीच धरतं.

इव्हेंट 329 दिसला तर वेळेची मर्यादा संपली. ती मुळात 3 दिवसांची असते, पण कुणीतरी ती 1 तासावर आणून ठेवलेली असते.

टास्कच्या अॅक्शनमधला 'स्टार्ट इन' हा रकाना (काम कुठल्या फोल्डरमधून चालवायचं ते) रिकामा सोडू नका, नाहीतर स्क्रिप्ट, म्हणजे टास्क चालवतं ती कमांडची फाइल, आपल्या फाइली सिस्टम 32 या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधत बसते. तिथे पाथला अवतरणचिन्हं लावायची नाहीत. मॅप केलेल्या ड्राइव्हचं (नेटवर्कवरच्या फोल्डरला दिलेलं Z: सारखं) अक्षरही नको, पूर्ण नेटवर्क पाथ (\\सर्व्हर\फोल्डर असा) द्या.

राइट क्लिक करून 'रन' दाबलं, चाललं, म्हणजे काम झालं, ही घाई मला अजिबात पटत नाही. तेव्हा तुम्ही लॉग इन असता, आणि युजर लॉग इन असेल तेव्हाच चालायचं, हाच मूळ पर्याय असतो. तो बदलून लॉग इन असो वा नसो चालेल असा करायचा, आणि पुढे विंडोजचा पासवर्ड बदलला की टास्कमध्येही बदलायचा. मी वेळ पाच मिनिटं पुढची लावते, लॉग ऑफ करते आणि वाट बघते. स्क्रिप्टच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत लॉग फाइलमध्ये वेळ लिहिते. शेवटची वेळ नसेल तर काम कुठवर पोचलं ते शोधता येतं. काहीही अडलं की 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर (टास्कला सर्वोच्च अधिकार देणाऱ्या पर्यायावर) टिक करणारे मात्र कारण न शोधताच टास्कच्या हाती सगळ्या किल्ल्या देतात.

लिनक्सवर हेच काम करणारं क्रॉन असेल तर टक्क्याचं चिन्ह (%) बघा. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, ते नवी ओळ मानलं जातं, त्यामुळे फाइलच्या नावात तारीख घालणारी कमांड तिथेच तुटते. चिन्हाच्या आधी उलटा तिरका दंड (\) देऊन हे टाळता येतं. मी तर सगळी कमांड स्क्रिप्टमध्ये टाकते आणि क्रॉनटॅबमध्ये फक्त तिचा पूर्ण पाथ ठेवते.